मान सांभाळून मैदानावर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जमतो, त्या बाईंचा एक हट्ट इथल्या बहुतेकांनी पाहिला आहे. एक वेळ मुलाला वर्गातून घरी न्या, पण मैदानावरून नेऊ नका, असं त्या पालकांना सांगत. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी मैदानाचाच विषय घेतला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला खेळायला पाठवताना त्याची मान कशी तपासावी, एवढंच आज बोलायचं आहे.

विषय अरुंद वाटेल. पण बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत तो दर वर्षी येतो. स्पर्धा जवळ आल्या की आई किंवा वडील फॉर्म घेऊन येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मानेचा एक्स-रे काढून फिटनेस लिहून द्या, उद्या शेवटची तारीख आहे." कुणी सोलापूरच्या पूर्व भागातून यंत्रमागावरची एक पाळी बुडवून आलेलं असतं, कुणी अक्कलकोटच्या एसटीने. एक्स-रे निघतो, सही होते, शिक्का बसतो. मूल स्पर्धेला जातं आणि तो कागद फाइलमध्ये जन्मभराचा दाखला म्हणून राहतो. मला जे सांगायचं आहे ते या कागदाच्या विरोधात आहे. एकदा काढलेल्या एक्स-रेने या मुलांची मान सुरक्षित होत नाही. ती सुरक्षित होते रोज पाहणाऱ्या डोळ्यांनी, म्हणजे आईच्या, शिक्षिकेच्या, पीटीच्या सरांच्या. आणि ते डोळे काय पाहायचं ते शिकलेले हवेत.

आधी मानेची रचना समजून घेऊ. मानेत सात मणके असतात. सगळ्यात वरचा, डोकं पेलणारा मणका म्हणजे हाडाचं एक कडं. दुसऱ्या मणक्यातून दातासारखा एक सुळका वर येतो आणि त्या कड्यात पुढच्या बाजूला बसतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी तसं हे कडं डोक्यासकट त्या सुळक्याभोवती फिरतं. आपण 'नाही' म्हणायला मान हलवतो ती हालचाल मुख्यतः इथली. सुळका मागे सरकू नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक आडवा, मजबूत बंध जातो. त्या बंधाच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो. स्टील नावाच्या अमेरिकन अस्थिशल्यविशारदांनी १९६८ मध्ये या जागेचं सोपं माप सांगितलं. कड्याच्या आतल्या जागेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग सुळक्याचा, एक तृतीयांश मज्जारज्जूचा आणि उरलेला एक तृतीयांश मोकळा. ही मोकळी जागा निसर्गाने ठेवलेली सवलत आहे. सुळका थोडा मागे सरकला तरी मज्जारज्जू लगेच चेपत नाही, तो याच जागेमुळे.

डाऊन सिंड्रोममध्ये पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात. पॅरिसमध्ये लेजन यांनी १९५९ मध्ये ते दाखवलं. कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या एका प्रकारातली दोन जनुकं याच गुणसूत्रावर आहेत. या मुलांचे सांधे सैल असतात, स्नायू मऊ असतात. लहानपणी पाय सहज डोक्यापर्यंत नेणारी ही मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तसाच सैलपणा मानेतल्या त्या आडव्या बंधातही असू शकतो. काही मुलांत सुळकाच नीट वाढलेला नसतो. मग मान वाकवली की कड्याची पुढची कमान आणि सुळका यांच्यातली फट रुंदावते. मोठ्या माणसात ही फट ३ मिलिमीटरच्या आत असते, लहान मुलांत ४.५ ते ५ मिलिमीटरपर्यंत चालते. त्याहून रुंद असेल तर मान अस्थिर आहे असं म्हणतात.

हे किती मुलांत आढळतं? अमेरिकेत सीगफ्रीड प्यूशल या बालरोगतज्ज्ञांनी १९८७ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या ४०४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्यूशल यांच्या स्वतःच्या मुलालाही डाऊन सिंड्रोम होता, हे इथल्या पालकांना मुद्दाम सांगतो. त्या ४०४ पैकी ५९ जणांची, म्हणजे सुमारे १४.६ टक्क्यांची, मान एक्स-रेमध्ये अस्थिर दिसली. पण त्यांतल्या ५३ जणांना काहीही त्रास नव्हता. मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणं फक्त सहा जणांत होती, म्हणजे दीड टक्क्यात. पुढचा सगळा वाद या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे.

वादाची सुरुवात खेळांमुळेच झाली. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू केलं. १९८३ मध्ये त्या संस्थेने नियम केला की डाऊन सिंड्रोम असलेल्या खेळाडूने मानेला धोका असलेल्या प्रकारांत उतरण्याआधी मानेचा एक्स-रे काढावा. पुढच्याच वर्षी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या नियमाला दुजोरा दिला. हेतू चांगला होता. मूल कोलांटउडी मारताना लुळं पडलं तर, ही भीती कुणाही आईबापाला खरी वाटते. जगभरच्या संस्थांनी तो नियम उचलला. भारतात स्पेशल ऑलिम्पिक्सचं काम १९८७ पासून आहे आणि २००१ पासून ते स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या नावाने चालतं. एक्स-रेची सवय आपल्याकडे आली ती त्या नियमाच्या छायेतूनच.

मग पुरावे तपासले गेले. डेव्हिडसन यांनी १९८८ मध्ये, मणका प्रत्यक्ष निसटलेल्या रुग्णांच्या तोवर छापून आलेल्या सगळ्या नोंदी एकत्र वाचल्या. त्यांना दिसलं की जवळजवळ प्रत्येकात आधी काही काळ लक्षणं होती. चाल बदलली होती, मान दुखत होती, हातापायांत जोर नव्हता. आधी काहीच नसताना अचानक मैदानावर कोसळलेलं मूल अतिशय विरळ. आणि ज्यांची फट आधी रुंद दिसली होती तेच पुढे आजारी पडले, असंही आढळलं नाही. १९९५ मध्ये अकादमीने आपलं आधीचं मत मागे घेतलं. लक्षणं नसलेल्या मुलाचा सरसकट एक्स-रे काढल्याने फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं तिने म्हटलं. खेळातली दुखापत हे या आजाराचं मोठं कारण असल्याचंही दिसलं नव्हतं. २०११ आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच भूमिका आहे: लक्षणं नाहीत तर सरसकट एक्स-रे नको, पण प्रत्येक भेटीत पालकांना लक्षणांबद्दल विचारा आणि मूल नीट तपासा. स्पेशल ऑलिम्पिक्सही आता लक्षणं आणि तपासणी यांवर भर देतं.

"काढला एक्स-रे तर बिघडलं काय?" असं पालक विचारतात. रास्त प्रश्न आहे, आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: बिघडतं. फट मोजताना डोकं किती वाकलं, मूल रडत होतं की शांत होतं, फिल्म तिरकी पडली का, यांवर एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतात, आणि इथे निर्णयच एक-दोन मिलिमीटरचा असतो. एका मुलाची फट एका वर्षी रुंद दिसते, पुढे नेहमीसारखी दिसते, उलटही होतं. तीन वर्षांच्या आत तर हाडं पुरेशी पक्की नसतात, चित्र वाचताच येत नाही. मोठ्या माणसाचा ३ मिलिमीटरचा निकष मुलाला लावला तर निरोगी मूल आजारी ठरतं. या सगळ्यातून दोन प्रकारची मुलं अडकतात. शंभरातली तेरा मुलं, ज्यांना पुढेही काही होण्याची शक्यता कमी, ती मैदानाबाहेर बसवली जातात. आणि ज्याचा एक्स-रे साफ निघाला त्याचे आईबाप निर्धास्त होतात. दोन वर्षांनी तो पाय ओढू लागला तरी 'मान तपासून झाली आहे' म्हणून गुडघ्याला तेल चोळत राहतात. मला दुसऱ्या मुलाची काळजी जास्त वाटते.

एक गोष्ट मात्र इथे ठणकावून सांगतो. एक्स-रे खरोखर लागलाच तर मान वाकवताना मुलाचं डोकं कुणीही हाताने दाबायचं नाही. मूल स्वतः जितकं वाकवेल तितकंच. लक्षणं असलेल्या मुलाची आधी सरळ मानेची एकच फिल्म घ्यायची आणि ती डॉक्टरांनी पाहायची. त्यात मोठा दोष दिसला तर मान वाकवून पाहायची गरजच नसते. एमआरआय आणि मणक्याच्या सर्जनकडे जाणं, हीच पुढची पायरी.

आता लक्षणांकडे येतो. इथे मी वेळ घेणार आहे, कारण घरी नेण्यासारखं जे आहे ते इथेच आहे.

ही मुलं 'मान दुखते' असं क्वचितच सांगतात. दुखणं सांगायला शब्द कमी पडतात, आणि बरीच मुलं दुखणं सोसूनच घेतात. म्हणून प्रश्न आईला विचारावा लागतो, आणि सोलापुरात तो तिच्या भाषेत विचारावा लागतो. साखर पेठेतली किंवा कन्ना चौकाकडची आई तेलुगूत 'मेड नोप्पि' म्हटल्यावर पटकन मान हलवते. अक्कलकोटकडून आलेली आजी कन्नडमध्ये 'कुत्तिगे नोवु' म्हटल्यावर बोलायला लागते. मराठीत 'मानेचा त्रास आहे का' असं विचारून 'नाही' असं लिहून टाकलं तर आपण काहीच तपासलेलं नसतं.

पालकांच्या तोंडून ऐकायची वाक्यं अशी असतात. "आधी जिना चढायचा, आता कडेवर घ्या म्हणतो." "चालताना हल्ली फार पडतो." "पाय घासत चालतोय, चपलेचं पुढचं टोक झिजलंय." "हातातून घास सांडतो." "शर्टाची बटणं लावायला शिकला होता, आता लावत नाही." "रात्री अंथरूण ओलं करत नव्हता, परत सुरू झालं." "मान एका बाजूला धरून बसतो." "डोकं हाताने धरून उठतो." या प्रत्येक वाक्यात एक 'आधी' आणि एक 'आता' आहे. जे मूल कधीच जिना चढलं नाही त्याचं न चढणं वेगळं. चढणारं मूल चढेनासं झालं की घड्याळ सुरू झालं असं समजा. आलेलं कौशल्य गेलं, तर 'यांचं असंच असतं' असं म्हणून ते डाऊन सिंड्रोमवर ढकलू नका. डाऊन सिंड्रोममुळे मूल उशिरा चालतं, पण आलेली चाल त्यामुळे महिन्याभरात बिघडत नाही.

मान वाकडी झाली की आपल्याकडे आधी उसण भरली म्हणतात. मग चोळणारा गाठतात, झटका देऊन मान 'बसवतात'. काही ठिकाणी केस कापून झाल्यावर डोकं धरून मान कडकन मोडायची पद्धत अजून आहे. ज्या घरात डाऊन सिंड्रोमचं मूल आहे त्यांनी दुकानात बसताना आधीच सांगायचं: मानेला हात लावायचा नाही. डोक्याची मालिश हलक्या हाताने चालेल, झटका चालणार नाही. याला एक्स-रे लागत नाही, पैसे लागत नाहीत. मला तर वाटतं, बऱ्याच सर्टिफिकेटांपेक्षा हे एक वाक्य जास्त उपयोगी आहे.

डॉक्टर काय पाहतो तेही सांगतो, म्हणजे सही घ्यायला जाल तेव्हा ते झालं की नाही हे तुम्हाला कळेल. मुलाला चालवून पाहिलं पाहिजे, बूट काढून. गुडघ्यावर हातोडी मारून पाय जास्त उडतो का, घोट्याला झटका दिल्यावर पाऊल थरथरत राहतं का, तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जातो का, हातांची पकड कशी आहे, हे पाहिलं पाहिजे. यांतलं काही वेगळं दिसलं तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. ब्रिटनच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेने मुलांना जिम्नॅस्टिक्स करू देण्याआधीची एक साधी चाचणी ठरवली आहे. मुलाला पाठीवर सरळ झोपवायचं आणि दोन्ही हात धरून हळूच अर्ध्यापर्यंत उठवायचं. डोकं सोबत येतं का मागे लोंबतं, ते पाहायचं. शिवाय मान वाकवून हनुवटी छातीला टेकते का, स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चालले आहेत का, हेही पाहायचं. डोकं मागे लोंबत असेल तर कोलांटउडी नाही. अशी चाचणी फिजिओथेरपिस्ट शाळेत येऊन करू शकतात. तासाभरात सगळा वर्ग होतो.

खेळांबद्दल बोलताना माझा कल बाईंच्याच बाजूला आहे, हे कबूल करतो. २०२३ मध्ये बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये भारताच्या खेळाडूंनी २०२ पदकं मिळवली, त्यांत ७६ सुवर्ण. ही मुलं काय करू शकतात याची शंका आता कुणी घेऊ नये. न खेळणाऱ्या मुलाचं वजन वाढतं, आणि या मुलांना थायरॉईडचा त्रास अनेकदा असल्याने ते आणखी झपाट्याने वाढतं. स्नायू मऊ राहतात, आणि मानेला सर्वांत जास्त गरज असते ती मजबूत स्नायूंचीच. धावणं, चालणं, बोची, बॅडमिंटन, टेबल टेनिस, सायकल, पाण्यातूनच सुरुवात करून पोहणं यांना लक्षणं नसलेल्या मुलासाठी आडकाठी नाही. अर्थात हृदयाचं आधी पाहिलेलं असलं पाहिजे. डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या मुलांत जन्मतः हृदयाचा काही दोष असतो आणि त्यासाठी इको लागतोच. मानेच्या नादात हृदय विसरलं जाऊ नये.

जपायचं ते डोक्यावर भार येतो तिथे, मान जोरात वाकते तिथे. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जुन्या यादीत पाण्यात सूर मारणं, बटरफ्लाय, उंच उडी, जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल, घोडेस्वारी हे प्रकार होते. आपल्या मैदानावर त्यांची जागा दुसरे प्रकार घेतात. पीटीच्या तासाची कोलांटउडी. कबड्डीतली पकड, जिच्यात पाच जण एकावर पडतात. खो-खोमध्ये खांबाजवळ मारलेला सूर. मल्लखांबावर डोकं खाली करून धरलेली पकड. २१ जूनला योग दिनासाठी शाळा उत्साहाने शीर्षासन, सर्वांगासन, हलासन बसवतात. या मुलांना ती तीन नको, ताडासन, वृक्षासन, वज्रासन द्या. लक्षण असलेल्या किंवा मान अस्थिर ठरलेल्या मुलाला हे धोक्याचे सगळे प्रकार बंद. लक्षण नसलेल्या मुलाबाबत आईवडील, शिक्षक आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवावं, आणि कबड्डी द्यायचीच असेल तर पकडीशिवायची द्यावी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर जाल, तिथे उड्या मारायची जाळी दिसली तर सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तिच्यावर सोडू नका. अकादमीची ही सूचना सगळ्याच मुलांसाठी आहे, पण या मुलांसाठी जरा जास्तच.

मैदानाबाहेरचा एक प्रसंग मात्र मैदानापेक्षा धोक्याचा असतो: भूल. टॉन्सिल, कान, दात, हृदय, कारणं या मुलांना पुष्कळ असतात. भूल देताना नळी घालायला डोकं मागे कलतं आणि झोपेत स्नायूंचा आधार नसतो. भूलतज्ज्ञांना मूल टेबलावर जाण्याआधी सांगा: डाऊन सिंड्रोम आहे, मान जपा.

आणि लक्षणं निघालीच तर? तर या आजारावर उपचार आहे, आणि त्यातला मोठा टप्पा महाराष्ट्रात घडला आहे. पूर्वी पहिला आणि दुसरा मणका तारेने बांधत. हाड जुळेपर्यंत मुलाला अनेक आठवडे डोक्याभोवती चौकट लावून ठेवावं लागे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अतुल गोयल यांनी पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात आणि दुसऱ्या मणक्यात स्क्रू बसवून त्यांना पट्टीने जोडण्याची पद्धत विकसित केली. लाहेरी यांच्यासह त्यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीत हार्म्स यांनी तिला थोडं वेगळं रूप दिलं. आज जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत तिला गोयल-हार्म्स पद्धत म्हणतात. केईएमशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्येच आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शिकले आणि पुढे १९३८ मध्ये चीनला गेले. सोलापूरच्या पालकांना हे ठिकाण परकं वाटू नये, म्हणून सांगितलं. खर्चाचा धसका घेऊन लक्षणं लपवू नका. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करून मगच पैशांची जुळवाजुळव करा. उशिराचा तोटा मोठा असतो. फार दिवस चेपलेला मज्जारज्जू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण सावरेलच असं नाही.

शेवटी व्यवस्थेबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात शोधायच्या जन्मजात दोषांत डाऊन सिंड्रोमचं नाव आहे. या कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. पथकात डॉक्टर असतो, नर्स असते. मूल समोर उभं असतं. तिथेच या सात-आठ प्रश्नांची भर घातली तर एकही जादा माणूस लागणार नाही. अडचण अशी आहे की विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, तपासणी आरोग्य विभागाकडे आणि स्पर्धा क्रीडा विभागाकडे. तीन खात्यांत मुलाची माहिती तीन तुकड्यांत राहते. म्हणून मी पालकांना आणि शाळांना वेगळं काही करायला सांगतो आहे. दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली की एक पानाचा कागद भरायचा. त्यात मागच्या वर्षी मूल काय करत होतं आणि आज काय करतं, एवढंच: जिना, बटण, घास, लघवी, चाल, मान, पकड. खाली आईची आणि वर्गशिक्षिकेची सही. फरक दिसला तर स्पर्धेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. फरक नसेल तर डॉक्टरांनी तो कागद पाहून, मूल तपासून खेळासाठी सही द्यावी. मागच्या वर्षीचा कागद जोडल्याशिवाय या वर्षीची सही नाही, असा नियम सोलापूरच्या बालरोगतज्ज्ञांनी आपसांत ठरवला, तर सरकारी आदेशाचीही गरज राहणार नाही.

त्या कागदाचा मराठी मसुदा मी सोबत आणला आहे आणि बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. तेलुगू आणि कन्नड मसुदा मला लिहिता येणार नाही. ज्या आयांना, आज्यांना ती भाषा घरची आहे, त्यांनी तो वाचून घरात हे कसं बोलतात ते कडेला लिहून द्यावं. पीटीच्या सरांनी कोणते खेळ राहून गेले ते लिहावं. माझा नंबर त्या कागदाच्या खाली आहे. आता पालकांचे प्रश्न घेतो, आणि ज्यांची मुलं आज सोबत आली आहेत त्यांनी आधी विचारावं.